डावा तळपाय

बाइंडरकाकांनी डाव्या पायातला मोजा काढून बादलीत टाकायला हात लांब केला, तेवढ्यात खिडकीच्या उजेडात त्यांना मोज्याच्या तळाशी एक डाग दिसला. शर्टाच्या बटणाएवढा, मधे काळपट, कडेला पिवळसर. आधी वाटलं, पुस्तकं चिकटवायची खळ असेल. साऱ्या आयुष्यात त्यांच्या अंगावरचं एकही कापड खळीच्या डागाशिवाय राहिलं नव्हतं. म्हणून त्यांनी मोजा नाकाशी नेला. खळीचा वास त्यांनी झोपेतसुद्धा ओळखला असता. हा तो वास नव्हता.

काकू स्वयंपाकघरात भांडी लावत होत्या. काकांनी दार हळूच लोटलं, दाढीचा आरसा फरशीवर ठेवला आणि पाय त्याच्यावर अधांतरी धरला. गुडघा धड वाकत नव्हता आणि पोट मधे यायचं, त्यामुळे स्वतःचा तळपाय त्यांनी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. पाहायची गरजही नव्हती, ते काम काकूंकडे होतं. अंगठ्याच्या मुळाशी, जिथे चालताना सगळा भार पडतो तिथे एक भोक होतं. कडा पांढऱ्या पडून फुगल्या होत्या, पाण्यात भिजलेल्या पुठ्ठ्यासारख्या. काकांनी त्यावर बोट दाबलं. काही नाही. आणखी जोरात दाबलं. तरी काही नाही. जणू बोट दुसऱ्याच कुणाच्या पायावर होतं.

दुखलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. ओरडता तरी आलं असतं.

मग त्यांनी घरात घालायच्या सपाता उचलल्या. बाहेर जाताना बुटात हात घालून, आत खडा-बिडा नाही ना हे चाचपून मगच बूट घालायचा, हा दवाखान्यातल्या नर्सबाईंचा नियम काका इमानेइतबारे पाळत. पण घरातल्या सपातेत कोण हात घालतो? घरातल्या घरात कुठला खडा येणार? आता घातला, तर बोट कशाला तरी अडखळलं. रबरी तळातून वर आलेलं सुईचं टोक. वह्या-पुस्तकं शिवायची जाड सुई. पंधरवड्यापूर्वी त्यांच्याच हातून ती मोडली होती. अर्धी सापडली, अर्धी सापडली नाही, आणि केरात गेली असेल म्हणून त्यांनी नाद सोडला होता. ती केरात गेली नव्हती. इतके दिवस ती त्यांच्याबरोबर घरभर फिरत होती, आणि आता टोकाचा एक कणही मोडलेला दिसत होता. तो कुठे असेल याचा विचार काकांनी पुढे केला नाही.

त्यांनी पकडीने सुई उपटली, मोजा स्वतः धुतला आणि पलंगावर बसून राहिले.

काकांना साखरेचा आजार जुना. पण पाय बधिर झाल्याचं कळलं ते दीड वर्षापूर्वी, गरम पाण्याच्या टबात पाय घालून बसले आणि कातडी सोलली गेली तेव्हा. तेव्हापासून पाणी आधी कोपराने बघायचं, नखं सरळ कापायची, कोपरे कोरायचे नाहीत, टाचांना मलम लावायचं पण बोटांच्या बेचक्यात नाही, अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही आणि मोजे पांढरेच घालायचे, म्हणजे रक्त आलं तर दिसेल, असे नियम सुरू झाले. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे रोज संध्याकाळी दुसऱ्या माणसाने दोन्ही पाय नीट बघायचे.

हे दुसरं माणूस म्हणजे काकू. आणि त्या दुसऱ्या माणसावर सगळं घर टिकून होतं.

कारण मुलाने तशी अट घातली होती. मुलगा दुसऱ्या शहरात, नवव्या मजल्यावर राहायचा. डोक्याला टक्कल पडलं तरी घरात त्याचं नाव बाळ्याच. कातडी सोलल्याचं कळलं तसा तो गाडी घेऊन आला होता. म्हणाला, "बास झालं आता. दोघांनी माझ्याकडे चला." काकांनी हातापाया पडायचंच बाकी ठेवलं. पुढच्या खोलीत त्यांचा पुस्तकं आवळायच्या दाबयंत्राचा फळा, कापायची सुरी, टाचणी, दोऱ्यांची रिळं. शाळांच्या, वकिलांच्या, हौशी वाचकांच्या वह्या-पुस्तकांचं थोडंफार काम अजून यायचं. ते सोडून कुठे जायचं? शेवटी काकू मधे पडल्या. म्हणाल्या, "मी रोज पाय बघीन आणि तुला फोनवर सांगीन. मग तर झालं?" बाळ्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाला, "ठीक आहे. पण ज्या दिवशी जखम झाली, त्या दिवशी मी काहीएक ऐकणार नाही."

नवव्या मजल्यावर त्यांनी एकदा महिनाभर काढला होता. दाराला किल्ली नव्हती, आकडे दाबायचे. काकांच्या बोटाने एक आकडा चुकला की दार शिट्ट्या मारायचं आणि शेजारी बाहेर यायचे. मग त्यांनी बाहेर पडणंच सोडलं. गॅलरीत उभं राहून खालची माणसं मोजायची, संध्याकाळ झाली की आत यायचं. सून अगदी साधी, मायाळू. सकाळ-संध्याकाळ "बाबा, काही हवं का?" सून वाईट असती तर भांडून तरी परत येता आलं असतं. मायेच्या माणसांच्या घरातून कसं पळणार?

म्हणजे जखम कळली की घर गेलं, हे काकांना लख्ख दिसलं. पण त्यांना बसल्या जागी घाम फुटला तो वेगळ्याच गोष्टीने.

ही जखम आजची नव्हती. काल संध्याकाळी काकूंनी पाय बघितले होते. परवाही. बॅटरी मारून, तळपाय उजेडात धरून, "चकाचक" म्हणाल्या होत्या.

काका जागेवरून उठलेच नाहीत. डोक्यात एकेक गोष्ट, शिवण उसवावी तशी, सुटत गेली. काकूंनी पेपर वाचायचं सोडलं होतं. "त्यात असतं काय?" म्हणायच्या, आणि काका हसून म्हणाले होते, शहाणी झालीस. एवढी वर्षं काकांच्या सुईत दोरा त्याच ओवून द्यायच्या, आता म्हणायच्या, तुमचं तुम्ही करा, मला काय तेवढंच काम आहे? कपात चहा ओतताना काठावर बोट अडकवून ठेवायच्या, चहा बोटाला लागला की थांबायच्या. मागच्या आठवड्यात दारात आलेल्या गॅसवाल्याला "या, किती दिवसांनी!" म्हणाल्या होत्या, आणि तोही बिचारा आत येऊन बसला होता. दोघंही किती हसले होते त्यावर.

तिला दिसत नाही. आणि हे तिने कुणालाच सांगितलेलं नाही.

"चला, परेड!" संध्याकाळी काकूंनी हाक मारली. रोजच्यासारखी खुर्ची, समोर स्टूल, स्टुलावर जुना पेपर, हातात बॅटरी आणि मलमाची ट्यूब.

काकांनी जखमेवर दिवसभर बांधलेली पट्टी मोरीत सोडली होती.

"आधी उजवा द्या. रोज काय शिकवायचं?"

"घे. लग्नात सगळे म्हणत होते नवरा पायांशी लोळण घेईल. कोण कुणाचे पाय धरतंय बघ."

"धरते म्हणून तर उभे आहात." काकूंनी अंगठ्याने टाच चाचपली, मलम चोळलं, बोटांची बेचकी कोरड्या फडक्याने एकेक करून पुसली. हात तेवढा शंभर नंबरी होता त्यांचा. मग बॅटरी पेटवली आणि तळपायाकडे बघितलं.

आज काका त्यांच्याकडे बघत होते. बॅटरीचा उजेड स्टुलाच्या पायावर पडला होता. काकूंची नजर पायाच्या थोडी पलीकडे, कुठेतरी भिंतीशी लागलेली. चेहऱ्यावर मात्र पोस्टातला माणूस शिक्का मारताना असतो तसा ठाम भाव.

"डावा."

काकांनी डावा पाय दिला. मलम टाचेला लागलं. फडकं बोटांतून फिरलं. उजेड पुन्हा स्टुलाच्या पायावर गेला. भोक तिथेच होतं, काकूंच्या नाकापासून वीतभर अंतरावर.

"चकाचक," काकू म्हणाल्या.

फोन वाजला. बाळ्याचा आवाज खोलीभर घुमला. "आई, पाय?"

"आरशासारखे. तुझे वडील आता पायांवर पावडर लावून लग्नाला उभे राहतील."

"आणि तू कशी आहेस?"

"मला काय धाड भरलीय?"

बाळ्या हसला. काकाही हसले. हसताना त्यांना वाटलं, आपण तिघंही एका खोलीत आहोत आणि दाराची कडी तिघांनीही आतून लावून घेतली आहे.

दुसऱ्या दिवशी काकांनी बरंच डोकं चालवलं. डॉक्टरकडे गुपचूप जावं, तर डॉक्टर बाळ्याच्या वर्गातला. काका पायरी उतरायच्या आत त्याचा बाळ्याला फोन गेला असता. दुसऱ्या डॉक्टरकडे जावं, तर तो विचारणार, सोबत कोण आलंय? काकूंना सांगावं, तर काय सांगावं? "मला जखम झालीय," म्हटलं की त्या विचारणार, कधी? आणि उत्तर ऐकलं की त्यांच्या लक्षात येणार, आपण रोज बघत होतो आणि आपल्याला दिसलं नाही. ज्या एका कामाच्या जोरावर त्या ताठ मानेने फोनवर बोलत होत्या, तेच काम त्यांच्याकडून होत नव्हतं. काकांनी मनातल्या मनात दहा वाक्यं जुळवून पाहिली. सगळी वाक्यं फिरून फिरून त्याच दाराशी जात होती.

शिवाय काका मुळातच भिडस्त. गिऱ्हाइकाने पुस्तकाचं मुखपृष्ठ उलटं लावायला सांगितलं तरी ते आधी स्वतःच्याच डोळ्यांवर शंका घेत. आपल्यालाच नीट कळलं नसेल. होईल बरं. सुई तर काढलीच आहे.

कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे जाऊन त्यांनी जखमेवरची पावडर मागितली.

"कुणाला?" औषधवाल्याने विचारलं.

"शेजाऱ्याला."

"साखर आहे का शेजाऱ्याला?"

"असेल थोडी."

"जखम पायाला?"

काकांनी डावा पाय मागे घेतला. औषधवाल्याने काउंटरवरून वाकून त्यांच्या बुटाकडे पाहिलं. "शेजाऱ्याचा पाय तुमच्याच बुटात आहे वाटतं. काका, पावडर देतो, पण ती खेळातली पावडर आहे असं समजा. साखरवाल्याच्या पायाला असलं घरचं काम चालत नाही. आजच्या आज दाखवा."

"सांगतो त्याला," काका म्हणाले आणि टाचेवर भार देत घरी आले.

त्यानंतरचे दिवस कसे गेले, ते काकांनाच ठाऊक. सकाळी मोरीत पट्टी बांधायची, दुपारी बदलायची, संध्याकाळी परेडच्या आधी सोडायची. मोजे स्वतः धुवायचे. काकू म्हणाल्या, "आज सूर्य कुठे उगवलाय? चाळीस वर्षांत रुमाल धुतला नाही या माणसाने." काका म्हणाले, "म्हातारपणी शिकतोय." पुढच्या खोलीत फळ्यापाशी बसून ते पानांच्या गड्ड्या शिवत, पण टाके चुकत. चार पावलांवर कात्री, तरी उठायचं की नाही याचा हिशेब करत. घर तेवढंच होतं, पण दर दिवशी ते लहान होत चाललं होतं. आधी अंगण सुटलं, मग मागचं दार सुटलं, मग पुढच्या खोलीतून मोरीपर्यंतचा रस्ताच काय तो उरला. घर सुटू नये म्हणून लपवायला गेले आणि घर आपोआपच हळूहळू सुटत होतं.

भोकाचा रंग बदलला. पायाच्या वरच्या बाजूलाही सूज आली. मोजा घट्ट बसू लागला. दुखत मात्र नव्हतंच. रात्री थोडी कणकण यायची, तेवढीच.

काकू रोज "चकाचक" म्हणत राहिल्या आणि काका रोज पाय पुढे करत राहिले.

मग एका संध्याकाळी काकूंनी डावा पाय हातात घेतला आणि मलम लावता लावता त्या थांबल्या. हाताची पालथी बाजू त्यांनी पायाच्या वर ठेवली, लहान पोराचा ताप बघावा तशी. मग उजव्या पायावर ठेवली. मग पुन्हा डाव्यावर.

"हा गरम आहे."

"उन्हात बसलो होतो."

"सकाळपासून आभाळ आहे. मला एवढं तरी कळतं."

"मग चालून आलो असेन."

"एकाच पायाने?"

काकूंनी बॅटरी खाली ठेवली, विझवून ठेवली. दोन्ही हातांनी पाय धरला आणि चेहरा खाली नेला. काकांना वाटलं त्या बघताहेत. त्या वास घेत होत्या. मग त्यांचं बोट हळूच टाचेपासून वर सरकलं, तळपायाच्या मध्यावरून अंगठ्याच्या मुळाशी आलं आणि ओल्या कडेला टेकलं. काकूंनी बोट उचललं नाही.

"कधीपासून?"

"झाले थोडे दिवस."

"थोडे म्हणजे?"

"मला कळलं त्याला आठवडा होईल. झाली त्याच्या आधी."

"आठवडा." काकूंचा आवाज अगदी बारीक झाला. "आठवडाभर तुम्ही रोज माझ्यापुढे हा पाय ठेवत होतात?"

"हो."

"आणि मी चकाचक म्हणत होते."

"तसं काही नाही गं, उजेड कमी असतो इथे—"

"उजेडाला नावं ठेवू नका!" काकू एवढ्या जोरात ओरडल्या की काकांनी पाय मागे ओढला. काकूंनी तो पुन्हा खेचून मांडीवर घेतला. "तुम्हाला माहीत होतं. मला दिसत नाही हे तुम्हाला माहीत होतं, आणि माझी दया येऊन तुम्ही पाय नासवत बसलात? माझ्या डोळ्यांची लाज झाकायला माझ्याच हातून तुमचा पाय घालवायला निघालात? हे कुठलं प्रेम म्हणायचं, सांगा ना!"

"तू तरी कुठे सांगितलंस?"

काकू फडक्याने जखमेभोवतीचं मलम टिपत राहिल्या.

"सांगितलं असतं तर बाळ्या त्याच दिवशी आला असता," त्या शेवटी म्हणाल्या. "मला वाटलं, हळूहळू धुकं येतंय, जाईल. मग ते काही जाईना. मग मनाशी म्हटलं, हाताने तर कळतंच की सगळं. आणि खरंच काही झालं, तर... तर यांना दुखेल आणि हे सांगतीलच."

"मला दुखत नाही," काका म्हणाले. "तेच तर आहे ना. मला दुखत नाही म्हणून तू बघायचीस."

दोघंही एकमेकांकडे बघत राहिले. म्हणजे काका बघत राहिले आणि काकूंनी चेहरा त्यांच्याकडे केला. काका काकूंच्या डोळ्यांच्या भरवशावर चालत होते आणि काकू काकांच्या दुखण्याच्या. आणि दोन्ही गोष्टी घरात नव्हत्याच.

फोन वाजला.

काकूंनी सवयीने हात पुढे केला, पण काकांनी तो आधी उचलला. काय बोलायचं हे ठरलेलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून वाक्य आधी बाहेर पडलं आणि विचार मागून आला.

"बाळ्या, डाव्या पायाला जखम झालीय. सुई घुसली होती. सूज आहे, ताप आहे."

"कधी? आईने काल तर..."

"आईला माहीत नव्हतं. मी फसवलं तिला. एकच पाय दोनदा पुढे करत होतो. उजवाच. तिला आज कळलं."

"बाबा!" फोनमधून आवाज फुटला. "तुम्ही लहान आहात का? पाय जाईल तुमचा, पाय! तिला बिचारीला अंधारात ठेवलंत? मी आत्ता निघतो. खाली पाय टेकवू नका. टेकवला तर बघा."

फोन बंद झाला. काकू तशाच बसल्या होत्या, पाय मांडीवर घेऊन.

"एकच पाय दोनदा?" त्या म्हणाल्या. "माझ्या बोटांना उजवा-डावा कळत नाही? अंगठा कुठल्या बाजूला आहे हे आंधळ्यालासुद्धा कळतं हो."

"बाळ्याला नाही कळलं."

"तो तुमच्यावर गेलाय."

हसू आलं, पण पुरतं आलं नाही. काकूंनी स्टूल ओढून त्यांचा पाय त्यावर उंच ठेवला, खाली उशी सरकवली आणि चाचपडत कपडे भरायला आत गेल्या. काकांनी बसल्या जागेवरून पुढची खोली पाहिली. फळ्यात आवळलेली पुस्तकं, टेबलावर सुकत चाललेली खळ. त्यांना उठायचं होतं, निदान खळीवर झाकण ठेवायला. पण पाय टेकवायचा नव्हता. तसेच बसून राहिले.

बाळ्या पहाटे आला आणि उजाडायच्या आत दोघांना घेऊन आपल्या शहरातल्या मोठ्या दवाखान्याकडे निघाला. वाटेत तो एक शब्दही बोलला नाही. बोलला असता तर बरं, असं काकांना वाटत राहिलं. दवाखान्यात जखम उघडली, खोल साफ केली, आत सुईचा तो कण सापडला. "अजून चार दिवस काढले असते तर अंगठा गेला असता, कदाचित पुढचंही," मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता पाय वाचेल. पण जखम भरेपर्यंत या पायावर उभं राहायचं नाही. अजिबात. दीड-दोन महिने धरून चला."

"दोन महिने?" काकांनी विचारलं.

"निदान."

घरी सोडायच्या दिवशी तिथल्या नर्सबाई पट्टी बदलायला शिकवायला आल्या. त्यांनी काकूंना स्टुलावर बसवलं. "आजी, नीट बघा. कडेला असा गुलाबी रंग दिसला तर चांगलं. काळं किंवा हिरवट दिसलं तर लगेच फोन. बघितलंत ना? आता तुम्ही सांगा, हा कुठला रंग आहे?"

बाळ्या दाराशी औषधं घेऊन उभा होता. काका पलंगावरून म्हणाले, "तिला कशाला त्रास? ती दमलीय, मुलाला शिकवा..."

"तुम्ही गप्प बसा," काकू म्हणाल्या. मग नर्सबाईंच्या दिशेने चेहरा करून, शाळेत धडा म्हणावा तशा स्वरात म्हणाल्या, "मला दिसत नाही. रंग नाही दिसत, जखम नाही दिसत. तुमचं तोंडही नाही दिसत नीट. यांनी मला फसवलं नाही. मीच सगळ्यांना फसवत होते."

नर्सबाईंच्या हातातला चिमटा वरच राहिला. बाळ्याने औषधांची पिशवी खाली ठेवली. त्याने आधी आईकडे पाहिलं, मग वडिलांकडे. काकांना वाटलं, आता ओरडेल. तो ओरडला नाही. स्टुलाशी येऊन खाली बसला, आईच्या डोळ्यांसमोर बोट धरलं, इकडून तिकडे नेलं. आईची नजर बोटाच्या मागे गेली नाही, तशी त्याने मान खाली घातली.

"कधीपासून, आई?"

"तुम्ही बापलेक एकच प्रश्न विचारता," काकू म्हणाल्या.

नर्सबाई समजूतदार होत्या. म्हणाल्या, "मोतीबिंदू असेल, आजी. तसा असेल तर ऑपरेशनने सुटतो. आज खालीच डोळ्यांचा विभाग उघडा आहे." मग त्यांनी बाळ्याला रबरी हातमोजे घातले आणि त्याला पट्टी शिकवायला लागल्या. बाळ्याने वडिलांचा पाय हातात घेतला. बाळ्या लहान होता तेव्हा काका त्याचे पाय धुऊन द्यायचे, पण त्याने आपला पाय धरावा हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. संकोचाने त्यांनी पाय किंचित मागे घेतला. बाळ्याने तो पुन्हा पुढे ओढला, आईने ओढला होता अगदी तसा.

"हलू नका. गुलाबी आहे," तो नर्सबाईंना म्हणाला. "कडेला गुलाबी आहे. बरोबर?"

"बरोबर."

पट्टी बांधून झाली. चाकांची खुर्ची आली. काकू खुर्चीचा दांडा धरून, पायाने फरशी चाचपत चालू लागल्या, आणि लिफ्टच्या दाराशी थांबल्या.

"बाळ्या, एक ऐक. जखम भरेपर्यंत आम्ही तुझ्याकडे. तोवर माझे डोळे करून घे. डोळे आले की मी यांचे पाय रोज बघणार, खरे बघणार, आणि आम्ही आमच्या घरी जाणार. तुझी अट होती ना? ही माझी."

बाळ्याने खुर्चीच्या चाकाचा अडसर काढला. काका त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना ते तोंड अगदी ओळखीचं वाटलं. सायकल हवी म्हणून हा फरशीवर लोळायचा, आणि पैसे नसायचे, आणि नाही म्हणवत नसे, तेव्हा काकांचं तोंड असंच व्हायचं.

"बघू," बाळ्या म्हणाला.

"बघू म्हणजे काय?" काकूंनी विचारलं.

लिफ्ट आली. बाळ्याने खुर्ची आत ढकलली, आईचा हात धरून तिला आत घेतलं आणि बटण दाबलं. दार बंद होताना काकांनी पट्टीतला पाय सांभाळून उचलून धरला. काकू अजून मुलाच्या उत्तराची वाट बघत दाराकडेच तोंड करून उभ्या होत्या, आणि तो त्यांच्या मागे उभा होता.